आधी आपली चूक

खेळातलं नेतृत्व शिकवता येतं, हे मी इतक्या वेळा ठणकावून सांगितलंय की घरात आता कुणी मान वर करूनही बघत नाही. "शिकवून कप्तान होत असते, त एवढ्या वर्षांत तुमीच झाले असते," बायको म्हणते. भाजी चिरता चिरता म्हणते, म्हणून जास्त लागतं.

मी दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यात पंपहाऊसला आहे. पहिली पाळी दुपारी दोनला सुटते, आणि संध्याकाळी सेक्टर सहाच्या मैदानावर मी मुलींना खो-खो शिकवतो. पगार नाही, हौस. भंडाऱ्याकडच्या गावात हाच खेळ खेळत वाढलो. इथे शिकवणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून मीच गुरुजी. वासरांत लंगडी गाय शहाणी.

कप्तान निवडताना मी जे केलं ते कारखान्यातला माणूसच करू जाणे. सीनियॉरिटी लावली! आमच्याकडे बढती असो की क्वार्टर, आधी यादी बघतात, कोण कधी लागला. मी हजेरीची वही उघडली आणि ज्या मुलीचं नाव सगळ्यात जुनं, तिला कप्तान केलं. ती मरोद्याच्या वस्तीतून सायकलने यायची. आपल्याच मराठी घरातली, पण मूग गिळून बसल्यासारखी गप्प.

सगळ्यात वेगवान मुलगी वेगळीच होती. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि हातून सुटलेला प्रत्येक गडी तिच्या मते दुसऱ्या कुणामुळे तरी सुटलेला असायचा. तिचे वडील स्कूटरवर बसल्या बसल्या मला ऐकवायचे, "भाईसाब, कप्तान तो वो होता है जो बोले."

मला ते पटायचं. मग मी कप्तानाला बोलायला शिकवू लागलो. पाळी सुरू होताना आम्हाला सेफ्टीचं सांगतात, तसं सरावाआधी तिने पाच मिनिटं संघाशी बोलायचं, असा नियम केला. जोशाचं भाषणही लिहून दिलं. पहिल्या दिवशी ती कागद धरून उभी राहिली, घाम पुसला, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "काल मी दोन बार खो भेटायच्या आधीच उठली. फाऊल माह्यामुळे झाला." आणि खाली बसली.

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज स्वतःची एक चूक. शेवटी मी तिला बाजूला घेऊन झापलं, "अवं, कप्तान सगळ्याईले हिंमत देते. तू आपलंच रडगानं कावून सांगून राहिली?" ती मान खाली घालून "हो काका" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चूक.

तरीही दुर्गच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. त्याचं श्रेय अर्थातच मी स्वतःला दिलं. फायनलच्या सकाळी मात्र माझा धीर सुटला. एवढ्या मोठ्या सामन्यात मुकी कप्तान कशी चालेल? वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची स्पर्धा होती, हे मला ठाऊक होतं. तरी कप्तान बदलायचा अर्ज लिहिला, त्यात त्या बोलक्या मुलीचं नाव घातलं आणि खिशात ठेवला. तोंडावर सांगायची हिंमत होईना. तेवढ्यात कप्तान टॉसला निघूनही गेली. मी पंचांना गाठलं. मध्यंतरात अर्ज दिला तरी चालेल, असं ते म्हणाले.

मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. खिशात हात घालून मी मुलींकडे निघालो. त्या गोल करून बसल्या होत्या, आणि कप्तान सांगत होती, "खांबापाशी मी उशिरा वळली. गडी माह्यामुळे सुटला."

तिच्या शेजारची म्हणाली, "मैंने खो धीरे बोला, इसको सुनाई नहीं दिया." मग तिसरी, मग चौथी. कुणी कुणाला बोल लावत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. पाळी त्या बोलक्या मुलीवर आली. म्हटलं, आता होणार आतषबाजी! ती थोडा वेळ गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "मैं अकेली पकड़ने भागी. खो देना था."

इतकी वर्षं मोठमोठी माणसं पाहिली, साहेब पाहिले, युनियनचे पुढारी पाहिले. इतकं स्वच्छ बोलताना कुणाला ऐकलं नव्हतं. दोन मिनिटांत संघाचं सगळं दुखणं मध्ये मांडलेलं होतं, आणि पुढे काय करायचं ते प्रत्येकीला न सांगता कळलं होतं. हे त्यांना रोज एक चूक सांगणाऱ्या त्या मुक्या मुलीने शिकवलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं. खोडी नव्हती त्यात. गोलात पुढचा मीच उभा होतो. "काका, तुमचं?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्यासमोर जीभ वळेना. मी अर्ज बाहेर काढला. "मी तुले कप्तानीवरून काढाले आलो होतो. हे पाह्य, लिहून आनलं."

बोलक्या मुलीने कागदावर आपलं नाव वाचलं आणि तोंड फिरवलं. कप्तानाचे डोळे भरून आले. तिने बाहीने ते पुसले. "बरं, समजलं," ती म्हणाली. "चला, टाइम झाला."

आम्ही एका गुणाने हरलो. पण दुसरा डाव मी जसा पाहिला, तसा खो-खो पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही.

परतताना बसमध्ये मी कप्तानाच्या बाजूला बसलो. विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं?"

तिला नवल वाटलं. "तुमीच तं! माह्या सायकलची चेन उतरली होती, तुमी लावून देत होते. तवा सांगतलं होतं का दुसऱ्याले पाळी देतानी आधी आपली चूक सांगाची, मंग मशीनची. नाही तं मांगून येनाऱ्याचा हात जाते."

चेन आठवली. बोलणं काही केल्या आठवेना. वाक्य माझ्या पहिल्या इनचार्जचं होतं, मी ते हात काळे करता करता सहज बोलून गेलो असणार. आणि मी स्वतः? माझ्या लॉगबुकात कित्येक वर्षं चुका फक्त पंपच करत आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दुपारी दोनला माझा रिलीव्हर, पुढच्या पाळीचा माणूस, आला. "तीन नंबरचा पंप आवाज करून राहिला," मी सवयीने म्हणालो. मग थांबलो. "सकाळी दहालेच आयकू आला होता मले. मी उठलोच नाही."

हातातला डबा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "परवा तो वॉल्व्ह ढिला रायला होता ना, तो मीच ठेवला होता."