न मारलेला टाका

चंद्रभान वैरागडेने आयुष्यात एकदाच एका जीपच्या डिफरन्सलला वेल्डिंगचे टाके मारले होते. त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती. तरी शेडमध्ये वेल्डिंगचं काम निघालं की तो ते दुसऱ्यावर सोपवायचा आणि बाहेर उमरेड रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. नागपुरात सक्करदऱ्याच्या पुढे, जिथे घरं विरळ होऊन शेतं लागायची, तिथे त्याचं गाड्या दुरुस्तीचं टिनाचं शेड होतं. शहात्तर सालच्या त्या पावसाळ्यात तो पन्नाशीला टेकला होता. हातात ताकद होती, झोप मात्र कच्ची झाली होती.

एका बुधवारी सकाळी दवाखान्याची जीप शेडसमोर येऊन थांबली. दवाखाना एका ट्रस्टचा. दर मंगळवारी ही जीप भिवापूरच्या पलीकडच्या चार गावांमध्ये नर्सला घेऊन जायची आणि येताना एखादा पेशंट घेऊन यायची. नर्स होती सिंधूताई. ड्रायव्हर लहानू, म्हणजे चंद्रभानचा जावई, गोपिकाचा नवरा. दोघेही उतरले. चाकांवरची काळी माती वाळून तडकली होती.

"चंद्रभानभाऊ," सिंधूताई म्हणाली, "काल नाल्यात तीन घंटे अडकलो आमी. मांगं बाई अडलेली होती. बैल आणून गाडी काढेपर्यंत लेकरू गेलं."

चंद्रभानने हातातलं फडकं घडी करून ठेवलं, परत उचललं. "आन् बाई?"

"बाई हाय. बोलत नाही कोणाशी."

लहानू जीपकडे पाहत होता. "एक चाक हवेत गरागरा फिरून राहिलं, मामाजी. दुसरं जमिनीवर असून ढिम्म. तुमी मांगचं डिफरन्सल लॉक करून द्या. दोनी चाकं संगं फिरली पाहिजेत."

"डॉक्टर काय म्हणते?"

"तुमी म्हणसान तसं करा म्हणते," सिंधूताई म्हणाली. "त्यायले यातलं काय समजते?"

म्हणजे सगळं चंद्रभानवर आलं.

मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी खोळीत दातेरी चाकांचा एक गड्डा असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. तो गड्डा दोघांना आपापल्या चालीने पळू देतो. त्याची खोड एवढीच, की जिकडे विरोध कमी तिकडे तो सगळी ताकद वाहून टाकतो. एक चाक चिखलात सुटलं की तेच फिरत राहतं, आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं. बटण दाबून हवं तेव्हा लॉक करता येणारी डिफरन्सलं परदेशात मिळतात, असं चंद्रभानने ऐकलं होतं. नागपुरात लॉक म्हणजे गड्डा उघडायचा, आतले छोटे दातेरी गोळे एकमेकांना वेल्डिंगने चिकटवायचे आणि खोळ बंद करायची. मग दोन्ही चाकं कायमची एक. चिखलातही एक आणि डांबरावरही एक. वळणावर त्यातलं एकही दुसऱ्यासाठी थांबत नाही, आणि गाडीला सरळच जायचं असतं.

नऊ वर्षांपूर्वी लाकडाच्या एका ठेकेदारासाठी त्याने हेच केलं होतं. जंगलात ती जीप रानडुकरासारखी चालायची. दोन महिन्यांनी ओल्या डांबरावर, साध्या वळणावर, देवाजी नावाच्या ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं आणि जीप न वळता बाभळीवर गेली. देवाजीचा उजवा गुडघा कायमचा आखडला. त्याने कधी चंद्रभानला दोष दिला नाही. उलट बाजारात भेटला की हसून म्हणायचा, "तुया टाका लय पक्का होता गा." चंद्रभानला वाटायचं, याने एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्याच रस्त्यावर, भिवापूर ते नागपूर, सत्तर किलोमीटर डांबर. स्टिअरिंगवर आपल्या पोरीचा नवरा. मागे पेशंट. आणि टाका नाही मारला, तर तो नाला तिथेच आहे, पुढचा मंगळवारही ठरलेला आहे, आणि पुन्हा कुणाचं लेकरू गेलं तर ते कुणाच्या हातून गेलं म्हणायचं?

"गाडी ठेवून जा," तो म्हणाला. "पाहतो."

चार दिवस तो पाहत राहिला. जॅक लावून मागची चाकं उचलली, हाताने फिरवली. खोळीतलं ऑइल काढून बोटांत चोळलं. टायरच्या नक्षीत खिळा घालून खोली बघितली. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा टाकून पाहिला, काढून पाहिला. तो नीट बसत होता. गाडीत काही दोष नव्हता. मग दोष कुठे होता, याचं एकच उत्तर उरत होतं आणि ते तोंडातून काढता येत नव्हतं. लहानूने पुढचा दांडा टाकला होता का? नाल्यात शिरायच्या आधी टाकला, की फसल्यावर? दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर चंद्रभानने पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं. पण जावयाला त्याच्याच कामात चूक विचारायची, तीही सासऱ्याने, हे त्यांच्या घरात कधी झालेलं नव्हतं. जावयासमोर ताट सरकवतानाही चंद्रभान दोन हात लावायचा. म्हणून त्याने गाडीतली एकूण एक वस्तू तपासली. चालवणाऱ्याला तेवढं काही विचारलं नाही.

"इचारून टाका ना," त्याची बायको जिजाबाई म्हणाली.

"काय इचारू?"

"जे पोटात हाय ते."

"अन् रुसला तं? पोरगी त्याच्या घरी हाय."

जिजाबाईने भाकरी उलटली. "मंग जा त्याच्या संगं. डोळ्यानं पाहा. पाहण्याले कोणी अपमान म्हणत नाही."

मंगळवारी पहाटे चंद्रभान जीपमध्ये मागे बसला. कारण सांगितलं की आवाज ऐकायचा आहे. लहानूची मान ताठ झाली. उमरेडपर्यंत चंद्रभानने प्रत्येक वळण पायांनी मोजलं. वळण आलं की त्याची टाच आपोआप फळीत रुतायची. गाडी वळायची, आतलं चाक मंद, बाहेरचं जलद, आणि तो श्वास सोडायचा. वळणामागून वळण हेच. त्याच्या मनात बाभूळ यायची आणि जायची.

भिवापूरनंतर पांदण लागली. दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्ये काळी कन्हार माती, जी पावसात पायातली चप्पल ओढून ठेवते. नाला आला तसा चंद्रभान पुढे वाकला. लहानूने गाडी थांबवली. पुढच्या चाकांचा दांडा टाकला. खालचा गिअर घेतला. मग गाडी हळू नाल्यात उतरवली आणि पाण्यातून वर चढवली.

त्याने सगळं बरोबर केलं होतं. सगळं आधी केलं होतं.

चंद्रभानला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. चार दिवस त्याने ज्या उत्तराचा आसरा घेतला होता, तेच खोटं निघालं. गाडीही चांगली आणि चालवणाराही चांगला, तरी लेकरू गेलं. मग उरला तो टाकाच.

परतताना तिसऱ्या गावातून तुळसाबाई नावाची म्हातारी सोबत आली. दोन दिवस जुलाब, आवाज खोल गेलेला. सिंधूताईने तिला मागच्या बाकावर आडवं केलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मधल्या वेळात पाऊस पडून गेला होता. नाल्याचा काठ सकाळसारखा राहिला नव्हता. जीप वर चढताना पुढचं उजवं चाक एका खळग्यात गेलं, मागचं डावं हवेत उचललं गेलं, आणि इंजिन ओरडायला लागलं. हवेतलं चाक गरगर फिरत होतं. चिखलाचे गोळे मागे उडत होते.

लहानूने अॅक्सिलरेटर आणखी दाबला. गाडी तसूभर खाली बसली.

चंद्रभान खाली उतरला. घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून त्याने आधी फिरतं चाक पाहिलं, मग उघड्या बाजूने आत, लहानूच्या पायाकडे. उजवा पाय तळाला टेकलेला. डावा पाय नुसता पडलेला. त्याला काही तरी आठवलं, जे हाताला माहीत होतं आणि डोक्याने इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. फिरणाऱ्या चाकाला जर फिरणं जड केलं, तर गड्डा ताकद दुसरीकडे देईल. त्याला टाक्याची गरज नाही. जड केलं की पुरे.

हे सांगायचं म्हणजे जावयाला गाडी कशी चालवायची ते सांगायचं. सिंधूताईसमोर. म्हातारीने कण्हत कूस बदलली.

"जवाईबापू," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "पेट्रोल कमी करा. डावा पाय ब्रेकवर ठेवा. हलका."

लहानूने वळून पाहिलं. "गाडी चढवताना ब्रेक दाबायले सांगून राहिले का, मामाजी?"

"हो."

"मी सात वर्षं झाले गाडी चालवून राहिलो."

"मले मालूम हाय."

"ऐकून घ्या जी जवाईबापू," सिंधूताई मागून म्हणाली. "रुसायचं असन तं नागपूरले पोचून रुसा. तिथं चहा तरी भेटते."

लहानूचे कान लाल झाले. मग त्याने डावा पाय उचलला. पहिल्यांदा ब्रेक इतका जोरात दाबला की इंजिन बंदच पडलं. त्याने ते परत चालू केलं. दुसऱ्यांदा इंजिन कण्हलं, हवेतलं चाक मंदावलं, जवळजवळ थांबलं, आणि जमिनीवरच्या चाकाने चिखलात दात रोवले. गाडी आधी बोटभर सरकली, मग हातभर. चंद्रभान मागून ढकलत होता. त्याचा काही उपयोग नव्हता, पण हात लावल्याशिवाय राहवत नव्हतं. काठावर आल्यावर तो आत चढला. तुळसाबाईने पाणी मागितलं.

नागपुरात दवाखान्यासमोर म्हातारीला उतरवल्यावर चंद्रभानने निकाल सांगितला. "टाका नाही मारत मी. चिखल अर्ध्या कोसाचा हाय. डांबर सत्तर किलोमीटर."

सिंधूताईने मान हलवली. लहानू म्हणाला, "तुमी म्हणसान तसं," आणि जीप धुवायला घेऊन गेला. त्या रविवारी गोपिका माहेरी एकटी आली. तिने कारण सांगितलं नाही आणि जिजाबाईने विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी जीप चंद्रभानशिवाय गेली. रात्रभर पाऊस होता. दिवसभर तो एका ट्रकचं कार्बोरेटर उघडून बसला होता. दोनदा जोडलं, दोनदा एक स्क्रू हातात उरला. मंगळवारी जीप चारच्या सुमाराला शेडवरून दवाखान्याकडे जायची. चार वाजले. साडेचार वाजले. उमरेडकडून एस. टी. आली, कोळशाचे ट्रक आले. त्याला वाटलं, लॉक केलं असतं तर आता ती चिखलातून निघाली असती. लगेच वाटलं, आणि त्या वळणावर असती. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट होती, आणि तो त्यांच्या मध्ये रस्त्याच्या कडेला उभा होता. पाच वाजले. शेडमधल्या माणसाने चहा आणून दिला. त्याच्यावर साय आली तरी चंद्रभानने तो प्याला नाही.

साडेपाचला जीप आली. ती पुढे दवाखान्याकडे गेली नाही, वळून शेडमध्ये शिरली. काचेपर्यंत चिखल. मागे कुणी पेशंट नव्हता. सिंधूताई पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली होती. लहानू उतरला. त्याने पँटीला हात पुसले आणि चंद्रभानकडे पाहायच्या आधी चाकाकडे पाहिलं.

"नाल्यात दोनदा लटकलो," तो म्हणाला. "निघालो."

चंद्रभान चाकाजवळ आला.

"पण येताना ब्रेक खाली गेला, मामाजी. उमरेडच्या अलीकडं दोनदा पंप करावा लागला. म्हणून हळू आणली."

चंद्रभान खाली बसला. मागच्या ड्रमला तळहात लावला आणि झटकन काढला. ड्रम तापलेला होता. नाल्यातून निघायला ब्रेक वापरायचा, म्हणजे ब्रेक झिजणार. आणि झिजलेल्या ब्रेकवर तेच सत्तर किलोमीटर डांबर. हे त्याच्या चार दिवसांच्या विचारात कुठेच आलं नव्हतं.

"दर मंगळवारी पेशंट उतरवला का गाडी इकडं आणा," तो म्हणाला. "मी ड्रम उघडून पाहत जाईन. एक बी मंगळवार सोडू नका."

"नाही सोडत."

"अन् ब्रेक खाली गेला का थांबा. किती बी उशीर होवो."

"हो."

लहानू जॅक आणायला गेला. चंद्रभान ड्रम थंड व्हायची वाट बघत तिथेच उकिडवा बसून राहिला, आणि मनातल्या मनात पुढच्या मंगळवारचे नट आत्ताच सैल करायला लागला.