शुक्रवारपर्यंत मंगळावर जीव

मंगळावर जीव सापडत नाही, कारण तुम्ही नीट बघतच नाही! फोटो आला की दोन सेकंद, एक लाइक, पुढचं रील! आम्ही तिघं, म्हणजे संतोष, रेखा आणि मी, मात्र बेळगावच्या आमच्या कॉलेजात रोज तासन्‌तास मंगळाचे फोटो झूम करून बघायचो. जीव राहिला बाजूला, किस्से मात्र ढीगभर साठले.

प्राचार्यांनी त्यासाठी खोली दिली होती, पण एका अटीवर. "शुक्रवारपर्यंत जीव दाखवा, नाहीतर खोली सोडा."

*

संतोष कोगनोळीच्या टोलनाक्याजवळचा, गाड्या बघत वाढलेला. सोमवारी तो ओरडला, "चाकोरी! इथनं गाडी गेल्या!"

रेखा शांतपणे म्हणाली, "व्हय रं. फोटो काढणारीच."

*

मंगळवारी प्रत्येक फोटोत उजवीकडे एकच तपकिरी ठिपका! म्हणजे तो यानाच्या मागे मागे फिरतोय! आम्ही त्याला नावसुद्धा ठेवलं. मग रेखानं स्क्रीनवर नख फिरवलं. ठिपका नखावर आला. कुंदा होता, आमची बेळगावी मिठाई!

संतोषनं तो सजीव खाऊन टाकला.

*

गुरुवारी मला सापडलं. तीन गोल, आणि थोडं पुढे अगदी तसेच तीन गोल! दगड इतके शिस्तीत वागतात होय? खोली वाचली!

आनंदाच्या भरात आम्ही वडगावला रेखाच्या घरी पळालो. तिचे विणकर वडील, आप्पा, माग थांबवून बाहेर आले. साडीतला दोष शोधावा तसं त्यांनी फोटोवरून बोट नेलं.

"पोरानो, हे तीन अन्‌ ते तीन एकच हायत. हा बारका चिरा दोन्हीकडं हाय बघा. फोटोचं दोन तुकडं जोडताना डिझाइन सरकलंय."

मी म्हणाले, "आप्पा, हे प्राचार्यांना कुठं कळतंय?"

"मला कळलं न्हवं?" आप्पा म्हणाले आणि माग सुरू केला.

*

शुक्रवारी मी प्राचार्यांना खरं सांगून टाकलं. त्यांनी फोटो निरखून पाहिला.

"म्हणजे तिथं कुणीच नाही?"

"अजून तरी नाही सापडलं, सर."

"मग खोली टायपिंगच्या क्लासला."

शिपाई बसूअण्णा आमचं टेबल उचलायला आले. लॅपटॉपवर मंगळ पसरला होता, लांबच लांब, मोकळा. अण्णांनी टेबल खाली ठेवलं आणि प्राचार्यांकडे वळले.

"सर, एवढी जागा रिकामी पडल्या तिथं. टायपिंग तिकडंच घ्या की!"