निर्जळी आणि फराळी

आमच्या घरी विमानांनाही उपास असत. रबराच्या पिळावर बंद हॉलमध्ये उडणारी ती बाल्सा लाकडाची चिमुकली विमानं! दादाने शाळेत असतानाच मला हा नाद लावला, आणि देवासच्या कारखान्यांच्या वसाहतीत आम्ही दोघं भावंडं कायमची वेडी ठरलो. स्पर्धेत वजनावरून वर्ग पडतात. नियमांत त्यांना मोठाली इंग्रजी नावं आहेत, पण आईने दोन विमानं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाली, "हे निर्जळी, हे फराळी." तीच नावं चिकटली. निर्जळीवर कागदसुद्धा नसतो, नुसती पारदर्शक फिल्म; जोरात शिंकलं तरी पंख मोडतो. फराळी जरा खाऊनपिऊन असतं. पडलं तर उचलून पुन्हा उडवावं.

दोघांनी एका वर्गात उतरायचं नाही, हा नियमही आईचाच. घरात भांडणं नकोत. आई गेल्यावरही आम्ही तो पाळला. निर्जळी अर्थात दादाची, मोठा ना तो! मी पन्नाशी ओलांडली तरी माझा आपला साबुदाणाच.

मागच्या वर्षी माझा उजवा हात थरथर कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. दादा नोकरी लागल्यापासून धारलाच असतो. त्याला फोन केला, "दादा, यंदा निर्जळी मला दे. पुढच्या वर्षी जमायचं नाही."

"दिली, बाई," तो लगेच म्हणाला. मला रडूच आलं.

थंडीभर मी विमान करत बसले. सकाळच्या गोळीनंतर तासभर हात शांत असायचा, तेवढ्यात जे होईल ते. विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा चार वेळा मोडला. पाचव्यांदा जमला, म्हणून एका पात्याच्या टोकाला मी निळ्या शाईचा ठिपका दिला.

स्पर्धा धारलाच होती. आठ दिवस आधी दादाचा फोन आला.

"अगं, निर्जळी रद्द केली त्यांनी. एंट्रीच नाही आल्या. मी नाही उतरत, फराळीत तुझं नाव लिहवून दिलंय. और सुन, तो नवा पंखा पाठव ना, बघू तरी दे."

मी धारला जाणाऱ्या ओळखीच्या बाईंबरोबर, डबीत कापूस घालून, पंखा पाठवला. शंका कशाला येईल? दादा होता तो.

हॉलमध्ये पोचले तेव्हा छताचे पंखे बंद, दारांना पडदे. सगळे वर बघत होते. वर एक निर्जळी फिरत होतं, अगदी सावकाश. खाली उतरता उतरता ते माझ्या नाकासमोरून गेलं आणि मला निळा ठिपका दिसला.

"दीदी, भिया ने तो गजब कर दिया!" आयोजक मला म्हणाले. विमान उचलायला दादा पुढे आला. मला बघून थबकला.

"रागावू नकोस," तो हळूच म्हणाला. "चार लोकांत तुझा हात कापला असता, विमान मोडलं असतं. मला बघवलं नसतं."

"मग तसं सांगायचंस."

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. पण न ऐकण्याचा हक्क माझा होता. खोटं बोलला याचा राग होताच. माझी कीव केली आणि वर माझाच पंखा लावून उडवलं, ते जास्त झोंबलं. माझा हात कापतो म्हणून सख्ख्या भावाने केसाने गळा कापला.

दुसऱ्या फेरीची नावं पुकारू लागले.

"पंखा दे," मी म्हणाले.

"अगं, माझी एक फेरी राहिलीय."

"फेरी तुझी. पंखा माझा."

त्याने विमान पुढे धरलं. गोळी घेऊन चार तास उलटले होते. मी बोट लावलं आणि हात कापायला लागला, मनगटापर्यंत. सगळा हॉल बघत होता.

"मोडेल गं," दादा पुटपुटला.

मी रबर सोडवलं, पंखा ओढून काढला, पर्समधल्या रुमालात ठेवला आणि रुमालाची घडी घातली. हात तसाच कापत होता. पंखा मोडला नाही.