दोन स्वारांचा काळा कोट

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत कर्जतजवळ नदीपलीकडच्या माळावर लष्कराचा घोड्यांचा तळ पडला होता. तिथे एका हिवाळ्यात अडथळ्यांवरून उड्या मारण्याची स्वारांची स्पर्धा भरली आणि पोशाखाचे नियम तळाच्या फाटकावर लावण्यात आले. ते मला अजून पाठ आहेत. लष्करी स्वारांनी आपली वर्दी घालावी. शिकारी क्लबाच्या सभासदांनी तांबडा कोट घालावा. इतर नागरिकांनी काळा कोट, पांढरी ब्रीचेस (स्वारीची तंग विजार), पांढरा गळपट्टा व काळे उंच बूट घालावेत. खाकी रंग नागरिकांस वर्ज्य आहे. कोटाशिवाय कोणासही रिंगणात सोडले जाणार नाही.

यातल्या शेवटच्या ओळीच्या आड उभे राहून मी एका माणसाचे नुकसान केले. तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो. आज पन्नाशी ओलांडून काही वर्षे झाली आहेत. नियम मी मोडला नव्हता, हीच माझी पळवाट होती, आणि ती इतकी सोयीची होती की तिच्यातून बाहेर यायला मला फार प्रयास पडले.

माझे वडील कर्जतला वकिली करीत. मी कॉलेजातून परीक्षा देऊन घरी आलो होतो. पुढे कायद्याचा अभ्यास करायचा हे ठरलेले होते. खालापूरच्या बाजूला मुंबईच्या एका व्यापाऱ्याची बंगली होती आणि तिच्यामागे चार घोड्यांची पागा. व्यापारी वडिलांचा अशील असल्यामुळे मला तिथे रविवारी घोड्यावर बसण्याची मुभा होती. त्या घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार जवळच्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला उस्ताद म्हणत असे. तो मला थट्टेने वकील म्हणे.

उडी मारायला त्यानेच मला शिकवले. भात कापून झाले की खाचरे मोकळी होत. ज्यांत वाल पेरलेला नसे अशी तीन-चार खाचरे निवडून तो त्यांच्या बांधांवर पेंढ्याचे भारे रचत असे आणि त्यांवर बांबू आडवा टाकत असे. स्वतः तो पागेतल्या करड्या घोडीवर बसे. ती घोडी त्याने शिंगरू असल्यापासून वाढवली होती. बांध जवळ आला की तो लगाम ढिला सोडी आणि जणू तिच्या मर्जीवर सारे सोपवी. मी मात्र माझ्या घोड्याचा लगाम घट्ट धरून ठेवीत असे.

"सोडा त्याला, वकील," तो ओरडे. "त्याचं डोळं उघडं हायत. तुमचं बी उघडं ठेवा, मंजी झालं!"

स्पर्धेची बातमी त्यानेच प्रथम आणली. तळावरच्या साहेबाने जाहीर केले होते की नागरी स्वारांत जो सर्वांत चांगला ठरेल आणि ज्याची इच्छा असेल, त्याला पुण्याच्या लष्करी पागेत नवे घोडे शिकवण्याच्या कामावर घेतले जाईल. जागा एकच होती. पहिला नको म्हणाला तर ती दुसऱ्याला मिळणार होती. उस्तादने हे मला दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगताना घोडी घासायचा खरारा खाली ठेवला.

"शेण काडायचं नाय तिथं," तो म्हणाला. "घोडं शिकवायचं. मंजी मी हितं करतो त्येच. पन तिथं त्याला काम म्हनतात."

व्यापाऱ्याने दोघांनाही घोडे नेण्याची परवानगी दिली. अडले ते कोटापाशी. नाव नोंदवताना उस्ताद आपला एकुलता एक खाकी कोट घालून गेला होता. तळावरच्या कारकुनाने नाव लिहून घेतले, पण कोट काळा नसेल तर फाटकातूनच परत जावे लागेल असे बजावले. कापडाचे रेशनिंग होते; काळे कापड बाजारात दिसत नव्हते. ब्रीचेस त्याने मांजरपाटाची शिवून घेतली होती, बूट व्यापाऱ्याचे जुने होते. काळा कोट आमच्यात एकच होता, वडिलांचा कोर्टात घालायचा जुना अल्पाकाचा. तो त्यांनी मला दिला होता आणि शिंप्याने खोगिरावर नीट बसावा म्हणून त्याला मागून चीर दिली होती. माझ्या अंगात तो ढगळ होई, उस्तादच्या अंगात तंग.

रिंगणात जाण्याच्या क्रमासाठी नावे चिठ्ठ्या टाकून काढली गेली तेव्हा मी चौथा आलो आणि उस्ताद सहावा. मध्ये एकच स्वार. तेवढ्या अवधीत मी उतरायचे, कोट काढायचा, त्याने तो चढवायचा आणि घोडीवर बसायचे, असे आम्ही ठरवले. दोन रविवार आम्ही उड्यांपेक्षा या अदलाबदलीचाच सराव अधिक केला. तो मोठ्याने आकडे मोजत असे.

"बावीस, तेवीस... अवो वकील, नवरी बी यापरीस लवकर लुगडं बदलते! हात मागं करा, बाही मी वडतो."

चौदापर्यंत मोजून होण्याआधी कोट माझ्या अंगावरून त्याच्या अंगावर जाऊ लागला, तेव्हा कुठे तो गप्प बसला.

हे सारे मी वडिलांना सांगितले नाही. आपला कोट मोतद्दाराच्या पाठीवर चढणार हे त्यांना रुचणार नाही असे मी मनाशी धरले. त्यांना विचारून पाहिले मात्र नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी माळावर बरीच गर्दी होती. पुढच्या खुर्च्यांवर साहेबलोक आणि गावातले प्रतिष्ठित बसले होते. वडील त्यांत होते, आपल्या नव्या काळ्या कोटात. रिंगणाच्या तोंडाशी एक वृद्ध रिसालदार शिट्टी घेऊन उभा होता. साताऱ्याकडचा, पांढऱ्या मिशांचा. नाव पुकारले की तो स्वाराला आपादमस्तक न्याहाळी. एका तरुणाच्या गळपट्ट्याला पिवळट झाक होती. त्याला त्याने परत पाठवले.

"पांढरा म्हंजी दुधावानी," तो म्हणाला, "ताकावानी न्हाई!"

प्रत्येक नावासाठी तीन शिट्ट्या होत. तिसरीपर्यंत स्वार आत आला नाही तर त्याच्या नावावर रेघ.

माझी फेरी निर्दोष झाली. ती कशी झाली हे मला आज नीटसे आठवत नाही. शेवटच्या अडथळ्यापाशी उस्तादचे म्हणणे कानात घुमले आणि मी हात सैल सोडले, एवढेच आठवते. मी बाहेर आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. गावातल्या दोघांनी मला हात देऊन खाली उतरवले. खुर्चीवरून वडील उठून उभे राहिले होते आणि शेजारच्या साहेबाला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होते.

पाचवा स्वार दुसऱ्याच अडथळ्याशी पडला. त्यामुळे सहाव्याचे नाव आम्ही धरले होते त्याहून लवकर पुकारले गेले. तरीही वेळ होता. चौदा आकड्यांचाच प्रश्न होता.

उस्ताद नुसत्या सदऱ्यावर, घोडीचा लगाम धरून, माझ्यासमोर उभा राहिला. "वकील, कोट."

पहिली शिट्टी झाली. मी वरचे बटण काढले. दुसऱ्यावर हात ठेवला आणि वर पाहिले. वडील अजून माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी माझ्या मनात दोन गोष्टी होत्या आणि त्या मी अनेकदा वेगळ्या करून तपासल्या आहेत. एक, सर्वांदेखत कोट उतरवून मोतद्दाराला घालायला देण्याची लाज. दुसरी, करडी घोडी आत गेली तर माझी फेरी कोणाच्या लक्षात राहणार नाही ही भीती. कोणती मोठी होती ते मला अजून ठरवता आलेले नाही. लाज मोठी होती असे म्हणावेसे वाटते, कारण ती कमी नीच आहे.

"अडकलंय," मी म्हणालो.

"तोडा की!"

"बाबांचा कोट आहे."

दुसरी शिट्टी झाली. उस्ताद वळून रिसालदाराकडे धावला. "साहेब, असाच जातो, सदऱ्यावर. कोट हाय, त्यांच्या अंगात हाय."

"कोट त्यांच्या अंगात असंल तर त्येनी जावं," रिसालदार म्हणाला. "रिंगणात कोट लागतो, गड्या, कोटाची बातमी न्हाई."

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. बटणावर बोटे तशीच होती. तिसरी शिट्टी वाजली आणि कारकुनाने रेघ मारली.

पहिल्या बक्षिसाचा पेला मला मिळाला. घोडे शिकवण्याची जागा मी नाकारली आणि ती दुसऱ्या आलेल्या पुण्याकडच्या स्वाराकडे गेली. संध्याकाळी घोडे परत नेताना उस्तादने मला एवढेच विचारले, की माझ्या घोड्याच्या मागच्या पायाला लागले आहे का. लागले नव्हते.

पुढचे तीन रविवार मी पागेकडे गेलो नाही. चौथ्या रविवारी सकाळी उठलो आणि सायकल काढली. रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होतो. तो खरारा करीत होता. मी ते वाक्य म्हटले: "बटण अडकलं नव्हतं."

"ठाव हाय," तो घोडीच्या पलीकडून म्हणाला. "मी तुमच्या बोटांकडंच बगत व्हतो. नुसती ठेवलीवती."

मी क्षमा मागितली. त्याने खरारा थांबवला नाही.

"माझ्याकडं काय मागता? मला काय ठाव नव्हतं असं काय तुमी सांगितलंत? ज्यानं शिट्टी मारली त्याला सांगा. ज्यानं रेघ मारली त्याला सांगा. तुमच्या बापाला सांगा. तिकडं जीब वळंल का, वकील?"

मी म्हणालो, वळेल. आणि ती वळवण्याचा मी निश्चय केला, कारण आता मागे फिरलो तर पुढच्या सगळ्या आयुष्यात मी हेच करीत राहीन हे मला स्पष्ट दिसले.

वडिलांना त्याच रात्री जेवताना सांगितले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग खुंटीवरच्या नव्या कोटाकडे पाहून म्हणाले, "मला विचारलं असतंस तर हा त्याच्या अंगावर घातला असता. चार पावलांवर बसलो होतो मी."

ज्या लाजेमागे मी लपलो होतो ती माझी एकट्याची होती.

दुसऱ्या दिवशी पेला घेऊन मी तळावर गेलो. रिसालदाराने सारे ऐकून घेतले, पेला टेबलावर ठेवून घेतला आणि माझ्या नावावरही रेघ मारायला लावली. उस्तादला एकदा घोडीवर बसलेले पाहा, अशी मी विनंती केली. तो म्हणाला, "जागा भरली. पुढल्या साली स्पर्धा झाली तर आनंदानं बगू."

पुढल्या साली स्पर्धा झाली नाही. युद्ध संपले आणि तळ उठला. तोपर्यंत खाचरे मोकळी असत तेव्हा दर रविवारी मी तिथे जात राहिलो, भारे रचत राहिलो, बांबू टाकत राहिलो. उस्तादने वर्षभर कापड साठवून स्वतःचा काळा कोट शिवून घेतला होता. माझा देऊ केलेला त्याने घेतला नव्हता. तळ उठल्याचे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तळ उठला. पुन्याची पागा तर उठली नाय ना?"

"नाही."

"मग मीच जातो तिकडं. तुमी एक कागद लिवून द्या. काय झालं त्ये लिवा."

तो कागद मी दोन दिवस लिहीत होतो. भाषा कायद्याची, वळणदार. तिसऱ्या दिवशी पागेच्या ओट्यावर मी त्याला तो वाचून दाखवला. "सदर स्पर्धेच्या वेळी माझ्याकडून कोट देण्यास अनवधानाने विलंब झाला," इथपर्यंत आलो तेव्हा त्याने हात वर केला.

"अनवधानानं मंजी?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"तुमचं लक्ष व्हतं."

मी दौत जवळ ओढली. कबुली देऊन वर्ष झाले तरी मी तो शब्द हळूच आत सोडला होता आणि लिहिताना मला त्याची जाणीवही झाली नव्हती. तो खोडून त्याजागी "जाणूनबुजून" लिहिले. खाडाखोड झाली म्हणून नवा कागद घेऊ लागलो, तर तो नको म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या खोडलेला. सही करा."

दोन दिवसांनी उस्ताद तो कागद आणि आपला कोट एका फडक्यात बांधून खोपोलीवरून बोरघाटाने पायी वर गेला. करडी घोडी व्यापाऱ्याची होती, ती इथेच राहिली. पुण्याला त्याला तीन दिवस फाटकाबाहेर बसवून ठेवले, चौथ्या दिवशी एक हट्टी घोडा देऊन पाहिले आणि ठेवून घेतले. हे मला बंगलीच्या रखवालदाराकडून कळले. प्रथम मोतद्दार म्हणूनच घेतले होते. घोडे शिकवण्याचे काम त्याच्या हाती यायला आणखी दोन पावसाळे गेले.