भाऊसाहेबांची टाकी

"पाहणीशिवाय कार्यवाही नाही," असं म्हणून भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवायचे. चष्मा वर गेला की आम्ही समजायचो, काम लांबलं.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही आळीत असेल. आमच्या वेंगुर्ल्यात तो माझ्या गडग्यापलीकडेच, म्हणजे दगडी कुंपणाला लागूनच राहायचा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होताना कचेरीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि ते कचेरी घरी घेऊन आले. एरवी आमच्यासारखं मालवणी बोलायचे. पण एखादी गोष्ट करायची नसली की शुद्ध मराठीत शिरायचे. "ये रे, चाय घे" म्हणणाऱ्या माणसाला "तुमच्या बाजूचो गडगो पडलोहा" असं सांगितलं, की उत्तर यायचं, "सदर बाब विचाराधीन आहे."

त्यांची मोटरसायकल सहा वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, थोरली बहीण आरोंद्याला अंथरुणाला खिळली, तेव्हा ती ताडपत्री निघाली. एस्टीत बसलं की वहिनींना उलट्या व्हायच्या. मी म्हटलं, रिक्षा सांगू का?

"रिक्षा कित्याक? घरची गाडी आसा," भाऊसाहेब म्हणाले.

टाकीचं झाकण उघडलं तर आत तांबडा गंज. हवा खारी आणि टाकी अर्धी रिकामी, दुसरं काय होणार? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या इब्राहिमभाईंनी टाकी हलवून पाहिली. "सोडा माझ्याकडे. नट आणि लिंबूसत्त्व घालून साफ करतंय. परवा घेऊन जावा."

चष्मा कपाळावर गेला. एका अभिप्रायावर निर्णय घेणं नियमात बसत नव्हतं. मग दुसरा अभिप्राय रंगाच्या दुकानातून आला: ॲसिड ओता. तिसरा मासळीवालीने दिला: बिंबलांचा आंबट रस घाला, माझी तांब्याची कळशी तशीच उजळते. भाऊसाहेबांनी तिन्ही अभिप्राय वहीत उतरवले आणि आठ दिवस अभ्यास केला. रोज संध्याकाळी वहिनी दारात उभ्या राहून विचारायच्या, "झाली काय हो गाडी?" आणि भाऊसाहेब म्हणायचे, "प्रक्रिया सुरू आहे."

शेवटी इब्राहिमभाईंचीच रीत मान्य झाली, पण काम मात्र घरीच करायचं ठरलं. पेट्रोलचा कॉक काढून भोकं बंद केली. आत मूठभर नट आणि लिंबूसत्त्वाचं गरम पाणी घातलं. टाकी हलवायला मला नेमलं. अर्धा तास मी ती तान्ह्या पोरासारखी जोजवली. दिवसभर पाणी आत ठेवलं आणि शनिवारी संध्याकाळी ओतलं, तर चहासारखं काळपट निघालं. आत टॉर्च मारला. पत्रा चकचकत होता.

इब्राहिमभाई जाता जाता बजावून गेले, "भाऊसाहेब, आता थांबू नकात. सोड्याच्या पाण्यान धुवा, सुकवा आणि लगेच आतसून पेट्रोल-ऑइल फिरवा. नायतर गंज परत धरतलो."

"पाहणी व्हायची आहे," भाऊसाहेब म्हणाले. "साक्षीदारांसमक्ष. उद्या दहा वाजता."

रविवारी दहाला आम्ही पाच जण हजर झालो. टाकी रात्रभर गडग्यावर उघडी होती. भाऊसाहेबांनी टॉर्च मारला, वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आतला पत्रा पुन्हा नारिंगी झाला होता.

"काल ती स्वच्छ होती," ते म्हणाले. "तशी नोंद आहे."

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

मंगळवारी भाऊसाहेब पेन्शनरांच्या सभेला गेले आणि दुपारी आरोंद्याहून भाचीचा फोन आला. वहिनींनी गडग्यावरून मला हाक मारली. "ताई दोन दिस जेवणा नाय. माझा नाव घेता. तू टाकी हलव, मी पाणी तापवतंय."

गंज वरवरचा होता, तासाभरात सुटला. वहिनींनी टाकी सोड्याने धुतली, सुनेने ठेवलेल्या केस सुकवायच्या यंत्राने आतून सुकवली आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल घालून सगळ्या बाजूंनी फिरवलं. कोणाला काही विचारलं नाही. चार वाजता इब्राहिमभाईंनी टाकी चढवली, कार्ब्युरेटर साफ केला, किक मारली. खोकत खोकत का होईना, गाडी सुरू झाली.

तेवढ्यात भाऊसाहेब आले. "ह्या कोणी केल्यान?"

"मिया केलंय," वहिनी म्हणाल्या. साडी बदलून, पिशवी घेऊन त्या उभ्याच होत्या. "चला."

भाऊसाहेबांचा हात चष्म्याकडे गेला, आणि चष्म्याला न लागताच खाली आला. ते गाडीवर बसले.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून गडग्याशी आले. म्हणाले, "तिना वळखल्यान रे. हिच्या हातची चार चमचे पेज खाल्ल्यान. माका म्हणाली, तुमी आणलात, बरा झाला." मग म्हणाले, "उशीर केलात म्हणाली असती तर माका बरा वाटला असता." एवढं बोलणं झालं, पण त्यात शुद्ध मराठीचा एक शब्द नव्हता. ताई त्याच आठवड्यात गेल्या.

भाऊसाहेबांना जाऊनही आता दोन पावसाळे झाले. वहिनी मुलाकडे असतात. पलीकडच्या घराला कुलूप आहे.

मला ते आठवतात ते ताईंच्या वर्षश्राद्धाच्या सकाळचे. मी आळीच्या तोंडाशी उभा होतो. भाऊसाहेब गाडीवर, वहिनी मागे, एक हात त्यांच्या खांद्यावर. रस्त्यावर ना माणूस, ना गाडी, ना कुत्रं. वळणाशी भाऊसाहेबांनी इंडिकेटर लावला. शिवाय हात दाखवला. थांबले, दोन्हीकडे नीट पाहिलं, वहिनींना काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. मग गाडी सावकाश आरोंद्याच्या रस्त्याला वळली.