ड्रमच्या पोटातली गोधडी

काल टीव्हीवर तळघरात रॉक वाजवणाऱ्या पोरापोरींवरचा माहितीपट पाहत होते. त्यातली ड्रम वाजवणारी मुलगी, शेजारी ओरडू नयेत म्हणून, मोठ्या ड्रमच्या पोटात गोधडी कोंबून सराव करायची. मला आई आठवली. मी मोकळं हसले की ती म्हणायची, "हळू गं, लोक ऐकतील." तेव्हापासून माझ्याही पोटात एक गोधडी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या मुलीने ती गोधडी ओढून बाहेर फेकली. दोन-तीन ठोके चुकले, तरी ती वाजवत राहिली. आमची खोली दणाणली. आतून नवरा म्हणाला, "अगं, आवाज कमी कर, लोक ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हणाले, आणि रिमोट मांडीखाली घेऊन बसले.