थंड अणूंचे सर

"थंडे सर आले, पंखा बंद करा रे!" क्लार्क ओरडला आणि ऐन एप्रिलच्या उन्हात स्टाफरूम हसली. सर दारातच थांबले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "करा की. आपल्याला तकलीफ न्हाई."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तास काढून घेतले, तकलीफ न्हाई. प्रयोगशाळेत परीक्षेचे बाक रचले, तकलीफ न्हाई.

मी त्यांच्याच विभागात, त्यांच्यासारखीच तासिका तत्त्वावर. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला मराठीत भांडता येत नाही, असं सांगत असे. खरं तर इंग्रजीतही येत नव्हतं.

सर आखाडा बाळापूरचे. घरी मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पुण्यात राहून त्यांनी पीएच.डी. केली होती, अतिथंड वायूवर लेसर टाकला की प्रकाश कसा विखुरतो यावर. "बेटा, गरम अणू म्हणजे आठवडी बाजार. जो तो आपल्या तोंडानं ओरडतो, प्रकाश चहूकडे सांडतो. पार गार केले की ते एका तालात येतात. मग सगळ्यांचा प्रकाश मिळून एकाच अंगाला, झपकन!"

वर्गात ते हे टाळ्यांनी शिकवत. आधी सगळ्यांनी वाटेल तशा, मग एकदम. एकदा प्राचार्य धावत आले. "काहून गोंधळ चाललाय? कुणाचा सत्कार?"

"अणूंचा, सर."

मागून एक पोरगा म्हणाला, "आमी बी गार पडलो, सर!" सर सगळ्यांत जास्त हसले.

तपासणी समिती आली तेव्हा संस्थेने सरांना कायम प्राध्यापक दाखवून, इस्त्रीचा कोट घालायला लावून विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसवलं. समितीतल्या एक बाई त्यांच्याशी तासभर बोलत राहिल्या. त्या दिवशी सर पहिल्यांदाच माझ्याजवळ मनातलं बोलले, "आता कायमची जागा निघंल, बेटा. घरी सांगून ठेवलंय."

जागा निघाली. मुलाखतीत सरांना विचारलं, "एवढं गार करायला फ्रीज किती लागतील?" सगळे हसले. जागा संस्थाचालकांच्या जावयाला मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे आले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, सरांनीही. त्या दिवशी मात्र ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. तासिकावाल्यांना निरोप समारंभ नसतो. एकदा बसमधून मला ते दुकानासमोर दिसले. पंपाची मोटार उघडून खाली बसले होते. मी खिडकीतून हात केला नाही.

यंदा समिती परत आली. त्याच बाई. विभागात शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "ते थंड अणूंवाले सर कुठे आहेत? त्यांच्यासाठी तर आले मी."

"रजेवर आहेत," प्राचार्य म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "व्हय ना, मॅडम?"

जावई बूट न्याहाळत होते. क्लार्कने मला डोळ्यांनी दटावलं.

"नाही," मी म्हणाले. "सर रजेवर नाहीत. त्यांना इथे कधी नोकरी दिलीच नाही."